मिनँडरचं नाणं आणि त्याचं जुळं

भडोचला आम्ही वर्षातून एकदा तरी जातोच, हिची मावशी तिथे राहते, वडोदऱ्याहून ट्रेनने तासाभराचा रस्ता. दोन वर्षांपूर्वी असेच गेलो होतो, संध्याकाळी नर्मदेच्या काठावर खारी शिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, खात बसलो होतो आणि मुलगी मोबाइलवर काहीतरी वाचत होती, म्हणाली बाबा, तुम्हाला माहितीये का, या भडोचला ग्रीक लोक बारिगाझा म्हणायचे आणि इथल्या बाजारात ग्रीक राजांची नाणी चालायची. मला वाटलं उगीच काहीतरी. पण घरी येऊन वाचलं तर खरंच होतं. पेरिप्लस म्हणून इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं एक ग्रीक भाषेतलं लिखाण आहे, समुद्री व्यापाऱ्यासाठी लिहिलेलं, कुठल्या बंदरात काय विकायचं काय घ्यायचं असं सगळं. त्यात स्पष्ट लिहिलंय की बारिगाझात आजही जुने द्राख्म (चांदीची छोटी नाणी) चालतात, ग्रीक अक्षरं असलेले, अपोलोडोटस आणि मिनँडर या राजांचे. म्हणजे मिनँडर मरून तेव्हा पावणेदोनशे-दोनशे वर्षं झाली होती तरी त्याचं नाणं आपल्या भडोचच्या बाजारात खणखणत होतं!

आणि मिनँडर म्हणजे कोण, तर वायव्य भारतातला ग्रीक राजा, आपला मिलिंद. मिलिंदपञ्हा या पाली ग्रंथातला, नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणारा. आपल्याकडे घरोघरी एखादा मिलिंद असतो, नाव कुठून आलं ते कुणी विचारत नाही.

तेव्हापासून डोक्यात बसलं की एक मिनँडरचा द्राख्म आपल्याकडे पाहिजे. मी काही मोठा नाणीसंग्राहक नाही. बँकेत कॅशवर आहे, सत्तावीस वर्षं झाली. घरी आजोबांच्या वेळचे तीन बाबाशाही रुपये आहेत, बडोदा संस्थानचे, दर लक्ष्मीपूजनाला ताटात ठेवतो, तेवढाच काय तो संग्रह. पण ऑनलाइन शोधायला लागल्यावर कळलं की चांदीचा छोटा मिनँडर हे काही अशक्य महाग नाणं नाही, त्याने भरपूर पाडली होती, चार-पाच हजारांच्या आसपास बरं नाणं मिळतं. घुबडवाल्या अथेन्सच्या मोठ्या नाण्याच्या वाट्याला मी गेलोच नाही, कारण त्याचं साधं खरं नाणंसुद्धा दहा हजारांच्या पटीत जातं, आणि तेच घुबड नऊशे रुपयाला देणारे शंभर जण बसलेत, त्यातलं काय खरं असणार ते उघड आहे. माझी चूक अशी झाली की मी धरून चाललो, खोटं फक्त महागाचंच होत असेल, चार हजाराच्या नाण्याची नक्कल करायला कोण कशाला बसेल.

एका साइटवर एकाकडे मिनँडर दिसला, ३,६०० रुपये. फोटो फार सुंदर होता. राजाचा चेहरा, केसांना बांधलेली फीत मागे लोंबतीये, नाक सरळ, भोवती ग्रीक अक्षरं. मागच्या बाजूला अथेना देवी, एका हाताने वज्र फेकायच्या पवित्र्यात, दुसऱ्या हातात ढाल, आणि भोवती खरोष्ठी, वायव्य भारतातली एक जुनी लिपी. खाली लिहिलेलं, वजन २.४ ग्रॅम, शंभर टक्के ओरिजिनल, जुन्या घराण्याच्या संग्रहातलं. यूपीआयने पैसे पाठवले, पाच दिवसांनी स्पीड पोस्टने पाकीट आलं. त्या दिवशी मी किती खूश होतो ते सांगता येणार नाही, भडोचच्या मावशींना व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. काळपट, जुनाट दिसणारं, नखाएवढं नाणं. छोट्या डबीत कापसावर ठेवलं आणि रोज रात्री जेवल्यावर एकदा काढून बघायचं हा कार्यक्रम.

तीन महिने असे गेले.

मग एक दिवस त्याच माणसाच्या पेजवर सहज गेलो, म्हटलं अपोलोडोटस मिळतो का बघू, त्याची चौकोनी नाणी असतात, एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला वशिंडवाला बैल, मला फार आवडतात. तर तिथे आणखी एक मिनँडर विकायला. पहिल्यांदा वाटलं माझ्याच नाण्याचा जुना फोटो राहिलाय. पण नाही, रंग वेगळा होता, हे जरा पांढरं, माझं काळं. किंमत ३,९००. मी फोटो मोठा केला. राजाच्या हनुवटीच्या खाली कडेला एक बारीकशी चीर होती, मक्याच्या दाण्याला पडते तशी, आत अक्षरापर्यंत आलेली. माझ्या नाण्याला तीच चीर, त्याच जागी, तेवढीच. मागे अथेनेच्या ढालीच्या बाहेर कडेचा एक टवका उडालेला, माझ्याही. ग्रीक अक्षरांच्या ओळीतलं एक अक्षर कडेबाहेर अर्धं कापलं गेलेलं, माझ्याही अर्धंच, आणि कापलेली रेघसुद्धा तीच.

मुलीला बोलावलं. तिने दोन्ही फोटो घेऊन एकावर एक ठेवले, वरचा अर्धा पारदर्शक केला, आणि थोडं फिरवून जुळवलं. कडेची वळणं इतकी तंतोतंत बसली की स्क्रीनवर एकच नाणं दिसायला लागलं. ती काही बोलली नाही. मीही नाही.

हे का वाईट ते नीट सांगतो, कारण या सगळ्या प्रकरणात मला कळलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. जुनी नाणी हाताने पाडायची. चांदीची छोटी चकती तापवून खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि हातोड्याचा घाव घालायचा. एकाच ठशाने शेकडो-हजारो नाणी पडायची, त्यामुळे दोन नाण्यांवरचा चेहरा अगदी सारखा असू शकतो, त्यात शंका घेण्यासारखं काही नाही. पण प्रत्येक चकतीचा आकार वेगळा, प्रत्येक घाव वेगळा. एकात चेहरा डावीकडे सरकतो, दुसऱ्यात अक्षरं कडेबाहेर जातात, तिसऱ्याला घावाने चीर पडते, ती कुठे पडेल ते देव जाणे. मग त्यावर दोन हजार वर्षांची झीज, ओरखडे, टवके. ठसा सारखा, चीर सारखी, टवका सारखा, सरकलेलंही सारखंच, असं दोन नाण्यांत होऊच शकत नाही. झालं तर त्यांची आई एक आहे, म्हणजे एका खऱ्या नाण्याचा साचा काढून त्यात धातू ओतलाय. आणि निदान त्यातलं एक खोटं, बहुतेक वेळा दोन्ही.

बँकेत आम्हाला हे रोजचं आहे, गठ्ठ्यात दोन नोटांवर एकच नंबर आला की काय ते समजायचं. नाण्यावर नंबर नसतो, पण चीर आणि टवका हाच त्याचा नंबर.

तरी मन मानेना. म्हटलं कदाचित माझं ते खरं असेल आणि त्याने आधी माझ्याच नाण्याचा साचा काढून ठेवला असेल. मग वजन केलं. तीन महिन्यांत वजन केलं नव्हतं, लिस्टिंगमध्ये २.४ लिहिलंय म्हणून धरून चाललो होतो. शेजारचा मुलगा घरून कॉफी विकतो, त्याच्याकडे ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा आहे, तो आणला. २.०३.

मिनँडरचा द्राख्म साधारण २.४५ ग्रॅमला पाडायचे, हे इंडो-ग्रीक राजांचं इथलं माप, खुद्द ग्रीसकडचा अथेन्सचा द्राख्म ४.३ च्या आसपास असायचा. झिजलेली, साफ केलेली नाणी २.२ पर्यंतही येतात. पण झिजून वजन उतरलं तर आधी नाक जातं, मग केस, मग अक्षरं. माझ्या नाण्यातला राजाचा कान सुद्धा दिसत होता आणि वजन मात्र सहाव्या हिश्शाने कमी, हे गणित जमत नव्हतं.

मग पाण्यातली परीक्षा केली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. काट्यावर पाण्याची वाटी ठेवायची आणि काटा शून्यावर आणायचा. नाण्याला शिवणकामाचा बारीक दोरा बांधायचा आणि हाताने वर धरून नाणं पाण्यात पूर्ण बुडवायचं, पण तळाला आणि बाजूला टेकू द्यायचं नाही, नाण्याला बुडबुडे चिकटले तर हलवून काढायचे. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. नाण्याच्या कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागायचं. शुद्ध चांदीचं उत्तर साडेदहाच्या जवळ यायला पाहिजे, १०.४९, तांबं मिसळलेलं असेल तर थोडं खाली. आधी काटा आणि हात दोन्ही तपासायला आजोबांचा बाबाशाही घेतला, ११.३४ ग्रॅम, पाण्यात १.१०, म्हणजे १०.३. बरोबर. मग मिनँडर बुडवला. ०.२४. पाच वेळा केलं, चार वेळा ०.२४ आणि एकदा ०.२५. साडेआठच्या खालीच.

एवढ्या छोट्या नाण्यात काट्याचा शेवटचा आकडा एकाने इकडे तिकडे झाला की उत्तर बरंच हलतं, म्हणून ९.९ की १०.२ असल्या वादात ही परीक्षा कामाची नाही. पण दहा आणि साडेआठ यातला फरक ती दाखवतेच. लोहचुंबकाने मात्र काही कळलं नाही, चिकटलं नाही, आणि ज्यांना वाटतं चिकटलं नाही म्हणजे चांदी, त्यांनी घरातल्या पितळेच्या तांब्याला चुंबक लावून बघावं. मुलीने नेलपेंट काढायच्या ॲसिटोनमध्ये कापूस बुडवून कडेवर घासला तर काळं उतरून कापसावर आलं, खाली फिकट पांढरा धातू. जमिनीत चांदीवर जो काळा किंवा जांभळट थर चढतो तो असा एका फटक्यात कापसावर येत नाही. आणि तो काळा रंग निघाल्यावर भिंगातून कडेवर एक केसासारखी सरळ रेघ दिसली, सबंध कडेने फिरणारी, एका ठिकाणी कानशीने घासून लपवायचा प्रयत्न केलेला. साच्याचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथली ती रेघ. राजाच्या गालावर सुईच्या टोकाएवढे गोल खड्डे होते, मला इतके दिवस ते दोन हजार वर्षांचे वण वाटत होते, ते ओतताना अडकलेल्या हवेचे फुगे होते.

दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर घडियाळी पोळात गेलो, तिथे आमचे ठरलेले सोनीकाका आहेत, आईच्या पाटल्यांपासूनचे. त्यांच्याकडे दागिन्याचा टंच काढायचं ते किरणांचं मशीन आहे, नाणं आत ठेवायचं, झाकण लावायचं, अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर धातू येतात. तांबं, जस्त, निकेल. चांदी जवळपास नाहीच. काका चष्मा वर करून म्हणाले, "साहेब, आ चांदी नथी. जर्मन छे." जर्मन सिल्व्हर. ज्याच्या वाट्या-चमचे आपल्या लग्नात आहेर म्हणून येतात ते.

मी सगळं घेऊन त्या विकणाऱ्याला लिहिलं. वजन, टंचाचा कागद, दोन फोटोंचं जुळलेलं चित्र. त्याचं उत्तर मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच तयारीचं आलं. म्हणाला, ग्रीक राजे निकेलची नाणी पाडायचे, इतिहास वाचा. आणि मला धक्का बसला तो याचा, की हे अर्धं खरं आहे! मिनँडरच्या आधी बॅक्ट्रियात, आजच्या अफगाणिस्तानच्या बाजूला, दुसरा युथिडेमस, पँटॅलिऑन आणि अगाथोक्लीस या तीन राजांनी तांबं-निकेलची नाणी खरंच पाडली होती, जगातली तशी सगळ्यात जुनी नाणी म्हणून त्यांचं नाव घेतात. पण ती वेगळ्या चित्रांची, त्यात माझ्या नाण्यासारखं जस्त मिसळलेलं नाही आणि मिनँडरचा हा चेहऱ्याचा द्राख्म चांदीचा, त्यात निकेल कुठून येणार. अर्धवट खरी माहिती घेऊन बसलेला विकणारा हा अडाणी विकणाऱ्यापेक्षा धोक्याचा, हे तेव्हा समजलं.

मी ठाम राहिलो तेव्हा तो म्हणाला ठीक आहे, नाणं परत पाठवा, पैसे देतो.

इथे मी दोन दिवस थांबलो. ३,६०० रुपये मला फुकट जाऊ द्यायचे नव्हते. हीसुद्धा म्हणाली, देतोय ना परत, मग पाठवून द्या आणि मोकळे व्हा. पण माझ्या डोळ्यासमोर ते दुसरं पांढरं नाणं होतं. माझं नाणं परत गेलं की त्याला पुन्हा काळं फासणार आणि ते तिसऱ्या कुणाच्या घरी कापसावर बसणार. बँकेत आमच्याकडे खोटी नोट आली तर ती आम्ही आणणाऱ्याला परत देत नाही, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, शिक्का मारून जप्त करायची आणि पावती द्यायची. लोक चिडतात, रडतात, एकदा एका भाजीवालीची पाचशेची नोट मी अशी ठेवून घेतली होती आणि तिचा चेहरा मला अजून आठवतो. तिच्या वेळी मी नियम पाळला आणि माझ्या वेळी नाणं बाजारात परत सोडलं, हे मला जमेना.

मी त्याला लिहिलं की नाणं कापून कापलेल्याचा फोटो पाठवतो, पैसे द्या. त्याने मला ब्लॉक केलं. साइटवाल्यांकडे तक्रार केली, त्यांची परतीची मुदत सात दिवसांची, ती कधीच उलटून गेलेली, पैसे मिळाले नाहीत. पण जुळलेलं चित्र पाठवल्यावर ते दुसरं नाणं अकरा दिवसांनी साइटवरून उतरलं, हे मी रोज जाऊन बघत होतो.

नाणं मी सोनीकाकांकडून कापून घेतलं. त्यांनी ऐरणीवर ठेवलं, कडेवर छिन्नी धरली आणि एकच ठोका दिला, राजाच्या डोक्यामागून डोळ्यापर्यंत चीर. आतून पिवळसर पांढरं. नंतर वाचनात आलं की अथेन्समध्ये अगदी हेच करायचे. इसवी सनापूर्वी ३७५ च्या सुमाराचा त्यांचा कायदा दगडावर कोरलेला सापडलाय, बाजारात नाणी पारखायला एक सरकारी गुलाम बसायचा, त्याला दोकिमास्तेस म्हणत, आणि नाणं आतून तांब्याचं-शिशाचं किंवा खोटं निघालं तर त्याने ते तिथल्या तिथे कापायचं, ते देवांच्या मातेचं झालं असं मानून नगराच्या कौन्सिलकडे जमा करायचं, मालकाला परत नाही. आपल्याकडे पोतदार होते, गुजरातेत चोक्सी, काम तेच. आजोबांच्या एका बाबाशाहीवर कडेला फुलासारखी एक बारीक खूण आहे, कुणा सराफाने पारखून मारलेली, ती मी आत्ता आत्ता पहिल्यांदा नीट बघितली. जुन्या ग्रीक नाण्यांवरही असे छिन्नीचे घाव असतात आणि त्यामुळे नाण्याची किंमत उतरते, पण माझ्यासारख्याला घाव असलेलं नाणं घ्यायला हरकत नाही, आतली चांदी दिसते. फक्त घावही जुना दिसला पाहिजे, आत तसाच थर चढलेला.

यानंतर सहा महिने मी काहीच विकत घेतलं नाही. नुसतं बघितलं. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीने बॅक्ट्रियन आणि इंडो-ग्रीक राजांच्या नाण्यांची सूची फोटोंसकट फुकट उघडी ठेवली आहे, ब्रिटिश म्युझियमचाही संग्रह ऑनलाइन आहे, रोज रात्री जेवल्यावर पूर्वी डबी उघडायचो तसं हे उघडून बसायचो, दहा-बारा मिनँडर बघायचे. दीड-दोन महिन्यांत डोळा तयार झाला. खऱ्या अक्षरांच्या कडा कशा तीक्ष्ण असतात आणि धातू घावाने बाहेरच्या बाजूला कसा ओढला गेलेला असतो, बारीक रेघांसारखा, आणि ओतलेल्यात तेच सगळं साबण हातात फिरून गुळगुळीत होतो तसं कसं असतं, हे कुणी शब्दांत सांगून कळत नाही. नवीन कॅशिअर आला की आम्ही त्याला खोट्या नोटा दाखवत बसत नाही, खऱ्या मोजायला देतो, महिनाभर.

त्या वाचनातच बेकर भेटला. कार्ल विल्हेल्म बेकर, जर्मन माणूस, १८३० मध्ये वारला. तो ओतायचा नाही, स्वतः ठसे कोरून नाणी पाडायचा, ग्रीक, रोमन, सगळी, आणि जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाच्या डब्यात घालून तो डबा घोडागाडीला लावायचा, रस्त्याच्या हादऱ्यांनी नाणी आपोआप झिजायची. त्याची नाणी आज दोनशे वर्षांनीही बाजारात फिरतात. हे वाचल्यावर ओतलेलं नाही म्हणजे खरं, ही समजूतही गेली. आता तर खऱ्या नाण्यावरून ठसा काढून मशीनने दाबलेली, खऱ्या चांदीची, बरोबर वजनाची नक्कल मिळते, तिला काटा पकडत नाही, पाणी पकडत नाही, टंचाचं मशीनही फक्त वरचा थर वाचतं. मशीनने ९२.५ टक्के चांदी आणि बाकी तांबं दाखवलं तर मात्र मी सावध होतो, ते आजच्या दागिन्यांचं प्रमाण आहे. पण या नकलेला शेवटी पकडतं ते जुळंच. ज्या खऱ्या नाण्यावरून ठसा काढला त्याचे ओरखडे आणि टवके ठशात उतरतात आणि मग त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर तेच ओरखडे येतात.

दुसरं नाणं घेताना मी जे केलं ते सांगतो. परदेशातून मागवायचं नाही हे आधी ठरवलं, कारण तिकडून आलेलं नाणं खटकलं तर परत पाठवणं सोपं नाही. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बंदी आहे, आणि ती जुनी नाहीच, नक्कल आहे, असं म्हणायचं तर पुरातत्त्व खात्याकडून तसा दाखला आणत बसा. जुन्या वस्तूंचा धंदा करायला इथे त्याच कायद्याखाली लायसन्स लागतं, तेव्हा ज्याच्याकडे ते आहे, जो बिलावर नाण्याचं पूर्ण वर्णन लिहून देतो आणि खोटं निघालं तर कधीही परत घेईन असं लेखी देतो त्याच्याकडूनच घ्यायचं. "शेतात नांगरताना सापडलं" असं सांगणाऱ्याकडे तर अजिबात जायचं नाही, ते बहुतेक वेळा खोटं असतं आणि खरं असेल तर जमिनीत सापडलेलं धन कलेक्टरला कळवायचं असतं, १८७८ पासूनचा कायदा आहे.

मुंबईच्या एका लिलावात एक मिनँडर आला. फोटोत अजिबात देखणा नव्हता. चेहरा वर सरकलेला, अथेनेची ढाल अर्धी कडेबाहेर, एका बाजूला चिकटलेला काळा कठीण थर. मी फोन करून कडेचा व्हिडिओ मागितला, नाणं चिमट्यात धरून सावकाश फिरवलेलं, आणि काट्यावर ठेवलेला फोटो. खरं नाणं विकणाऱ्याला याचा राग येत नाही, हे मी आता अनुभवाने सांगतो, लिलाववाल्या बाईंनी तासाभरात दोन्ही पाठवलं आणि वर सांगितलं की हे बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका लिलावात विकलं गेलं होतं, त्याचा छापील फोटोही पाठवला. मग मी जुळं शोधायला बसलो. जुन्या लिलावांचे फोटो साठवणाऱ्या एसीसर्चवर, म्युझियमच्या सूचीत, आपल्याकडच्या विक्रीच्या साइट्सवर, अगदी पन्नास रुपयाच्या स्मृतिचिन्हांतसुद्धा, कारण मूळ साचा कधी कधी तिथेच दिसतो. आठवडाभर मी आणि मुलगी. तिसऱ्या दिवशी तिला एक सापडलं आणि माझ्या छातीत धस्स झालं, राजाच्या भुवईपासून फितीच्या गाठीपर्यंत सगळं तेच. एकावर एक ठेवलं. चेहरा बसला, पण कड बसेना. त्यात चेहरा खाली सरकलेला, चकती लांबट, चीर वेगळ्याच ठिकाणी, आणि मागची अथेना तर वेगळ्याच ठशाची. म्हणजे एकाच ठशाखालून गेलेली दोन वेगळी नाणी, कुठेतरी तक्षशिलेच्या बाजूला एकाच माणसाने एकापाठोपाठ पाडलेली असतील कदाचित. तेव्हा मात्र मी बोली लावली. ५,२०० आणि वर त्यांचं कमिशन, टॅक्स.

आल्या आल्या काटा काढला. २.४१. वाटीत बुडवलं, ०.२४ आणि ०.२३ च्या मध्ये आकडा नाचत होता. त्या खोट्यानेही तेवढंच पाणी सारलं होतं, आकार दोघांचा जवळपास एकच, वजनात मात्र अडतीस सेंटिग्रॅमचा फरक. तेवढा फरक बोटांना कळत नाही म्हणतात, पण दोन्ही नाणी दोन तळहातांवर घेऊन डोळे मिटले तर मला कळतो, हिला कळत नाही, मुलीला कळतो. ॲसिटोनचा कापूस पांढराच राहिला. नाणं टेबलावर आपटून आवाज ऐकायची जुनी सवय असते काही लोकांना, ती मी केली नाही, इतकी जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, तुकडे पडतात.

गेल्या महिन्यात मावशींकडे गेलो तेव्हा दोन्ही नाणी घेऊन गेलो, कापलेलंही. मावशींचं वय ऐंशी, दृष्टी मंद, त्यांनी खरं नाणं भिंगाखाली धरलं आणि विचारलं, इथे काय लिहिलंय. मुलीने खरोष्ठीची अक्षरं शिकून घेतलीत, ती लिपी उजवीकडून डावीकडे जाते. जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अभ्यासकाला १८३० च्या दशकात ती लागली ती याच नाण्यांवरून, एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला तेच खरोष्ठीत, म्हणून. तिने मावशींचं बोट धरून उजवीकडून फिरवलं, म-ह-र-ज-स. महाराजाचं. मावशी म्हणाल्या, हे तर आपलंच आहे की. मग त्र-त-र-स, तारणाऱ्याचं. पुढे काळा थर होता, तिथे बोट अडलं, त्याखाली मिलिंदचं नाव आहे.